'अजून' जमत नाही

संपादक महोदय,
मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, शाळा मराठी मिडियम, आणि कन्नड आपल्याला जमणारच नाही हे डोक्यात इतकं फिट्ट बसलेलं की बँकेत फॉर्म भरायलासुद्धा भावाला घेऊन जायची. मग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांचं २००६ सालचं 'माइंडसेट' हे पुस्तक वाचलं, त्यांचं एक सांगणं मनात राहिलं, 'जमत नाही'च्या आधी 'अजून' लावायचं. नुसतं वाचून होत नाही हो, मी बसच्या पाट्या अक्षर अक्षर जुळवत वाचायला लागले, बाजारात भाजीवालीशी चुकतमाकत बोलले, ती हसली नाही, उलट शब्द सुधारून दिला. आता फॉर्म मीच भरते. गावोगावच्या वाचनालयांनी असली पुस्तकं कपाटात कुलूप लावून ठेवू नयेत, पोरींच्या हातात द्यावीत.
– एक वाचक, खानापूर