सायकलमार्ग चौकाच्या अलीकडेच का संपतो?

मा. परिवहनमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

तब्बल 22 वर्षांनी मी सायकलवर टांग टाकली. कॉलेज संपलं, नोकरी लागली आणि सायकल सुटली ती सुटलीच. गेले तीन महिने मात्र कामावर सायकलनेच जातो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. माझा तो जाण्यायेण्यातच होतो. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून आल्या, गुडघे दुखले. पायडल तळाला गेल्यावर गुडघ्यात जरासाच बाक उरेल इतकी सीट वर घेतली आणि दुखणं थांबलं. शरीराची अडचण एवढीच होती. पुढची अडचण तुमच्या खात्याची आहे.

सायकल चालवायला माणूस विसरत नाही म्हणतात. तोल खरंच विसरत नाही. विसरतो ते मागे वळून बघणं. मान वळवली की हँडलही त्याच बाजूला जातं. मला हे अजून धड जमत नाही. शिवाय सायकलचा तोल राहतो तो हँडल सतत थोडं थोडं इकडेतिकडे करत राहिल्यामुळे, आणि वेग कमी असला की ते जास्त करावं लागतं. म्हणजे सिग्नलवरून नुकत्याच निघालेल्या माणसाला जास्त जागा लागते. नेमकी तिथेच ती नसते.

माझ्या वाटेवरचा रंगवलेला सायकलमार्ग चौकाच्या तीस-चाळीस पावलं अलीकडे संपतो. तिथेच कडेला गटाराची जाळी आहे. तिच्या फटी रस्त्याच्या दिशेने आणि चाक अडकेल इतक्या रुंद. जाळी चुकवायला बाहेर यावं, तर मागून वळणाऱ्या गाड्या. मी रोज तिथे उतरतो आणि सायकल हातात धरून चालतो.

परवा तिथेच एक बाई उतरल्या. मागे कॅरिअरवर लहान मुलगी. “इथे रोज उतरावंच लागतं का?” त्यांनी विचारलं. त्यांचा पहिलाच दिवस होता. मी हो म्हटलं. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.

नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यात 400 हून अधिक मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, 1973 च्या तेलटंचाईने रेटा वाढला आणि हळूहळू रस्त्यांची रचनाच बदलली. तिथे अनेक चौकांत सायकलमार्ग तुटत नाही, सरळ पलीकडे जातो. कोपऱ्यावर उंचवटा असतो, त्यामुळे गाडीला वळताना वेग कमी करावा लागतो आणि सायकलवाला चालकाला समोर दिसतो.

किती किलोमीटर सायकलमार्ग बांधला, याचे आकडे जाहीर होतात. किती चौक सायकलवरून न उतरता ओलांडता येतात, तो आकडाही जाहीर करा आणि निधी आधी चौकांना द्या. जिथे वेगळी वाट काढायला जागाच नाही, तिथे वेगमर्यादा ताशी 30 किलोमीटर ठेवा. 50 च्या वेगातल्या गाडीच्या धडकेत 30 च्या तुलनेत पावणेतीनपट ऊर्जा असते.

आडव्या फटींच्या जाळ्या बसवायला तर मोठा आराखडाही लागत नाही. त्या चौकात अशा चार जाळ्या बदलायच्या आहेत.

आपला नम्र,
सायकलने कामावर जाणारा एक नागरिक