पीटीचा तास मुलांना परत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या वाढत्या चष्म्यांवरचा कालचा लेख वाचला. विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण सगळं खापर मोबाइलवर फोडून लेखकांनी शाळा आणि क्लास यांना अलगद सोडून दिलं, ते अजिबात पटलं नाही.

माझी नात सहावीत आहे. आमच्या घरी मुलांच्या हातात मोबाइल देत नाहीत. गेल्या वर्षी तिच्या गणिताच्या वहीत दर आठवड्याला लाल शाईने तोच शेरा यायचा, ‘लक्ष नाही’. एका संध्याकाळी मी वही घेऊन बसले. फळ्यावरचे 836 तिने 330 असे उतरवून घेतले होते आणि 330 धरून केलेला गुणाकार अगदी बरोबर होता. पोरीला गणित येत होतं हो, फळा दिसत नव्हता! डॉक्टरांकडे नेलं तर दोन्ही डोळ्यांना मायनस अडीच. वर्षभर बोलणी खाल्ली तिने.

त्याच वर्षी स्कॉलरशिपचे जादा तास होते. सकाळी साडेसातला शाळा, दुपारी क्लास, आणि पीटीचे दोन्ही तास गणिताला. मधली सुट्टी डबा खाण्यात संपायची. पोर दिवसाउजेडी बाहेर कधी पडणार? शाळेत विचारलं तर उत्तर मिळालं, “आजी, खेळून मार्क मिळत नाहीत.”

अलास्कातल्या बॅरो गावची १९६९ सालची पाहणी आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना लांबचा नंबर जवळपास नव्हताच, शाळेत गेलेल्या पुढच्या पिढ्यांत मात्र निम्म्याहून अधिकांना होता. तेव्हा कुठे होते मोबाइल? ब्रिटनमध्ये २०१८ साली सुमारे ६८ हजार लोकांच्या अभ्यासातून दिसलं की शिक्षणाच्या दर जादा वर्षामागे साधारण पाव नंबर वाढतो. म्हणून शाळा बंद करा असं कुणी म्हणत नाही. चीनमधल्या ग्वांगझूला बारा शाळांत प्रयोग झाला. त्यांतल्या सहा शाळांनी पहिलीपासून रोज ४० मिनिटांचा एक जादा तास बाहेर घेतला. तीन वर्षांनी तिथे ३०.४ टक्के मुलांना नवा नंबर लागला, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के. म्हणजे शंभरातली नऊ मुलं वाचली, एका तासाने! डोळा मागे लांबट झाला की लांबचं धूसर दिसतं, आणि बाहेरचा लख्ख उजेड त्याला लांबट होऊ देत नाही, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. वर्गातल्या ट्यूबलाइटला ते जमत नाही.

आमच्या शाळेचा एक तासही जवळपास तेवढाच असतो. तो गणिताला देऊ नका, एवढंच मागणं आहे. आणि पालकांनीही सभेत हे विचारावं, आजीने एकटीने किती भांडायचं?

जाता जाता, रविवारच्या मुलांच्या पुरवणीतलं शब्दकोडं फिक्या पिवळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत छापता, ते कृपया बंद करा. नात कागद नाकाला लावून सोडवते.

आपली,
एक वाचक, सांगली