वडाप मोबाईलवर यायला हरकत काय?

माननीय संपादक,

खानापूर ते बेळगावची उद्यमबाग अशी आमची चौघांची गाडी सहा वर्षे चालली. गाडी एकाची, पेट्रोलची कॉन्ट्री चौघांची, हिशेब डॅशबोर्डच्या खणातल्या वहीत. मग एकाला सेकंड शिफ्ट लागली, दुसऱ्याचा ओव्हरटाइम वाढला. "माझं उशीर हाय, तुम्ही व्हा पुढं" हा फोन रोजचाच झाला आणि दिवाळीनंतर वही बंद पडली (माझे १४० रुपये अजून येणे आहेत). आता चौघे चार दुचाकींवर जातो आणि मच्छेजवळ एकमेकांना हात करतो.

ठरवून केलेल्या कारपूलचे दुखणे हेच. सगळ्यांच्या वेळा जुळल्या तरच ते टिकते. मागणीनुसार मिळणाऱ्या शेअर गाडीत निघण्याच्या थोडे आधी मोबाईलवर कळवायचे, वाटेतलाच सोबती मिळतो. परतीला गाडी दुसरी असली तरी बिघडत नाही. यात नवल कसले? वडापवाला, म्हणजे वाटेत प्रवासी घेत जाणारा शेअर जीपवाला, इतकी वर्षे हेच करतोय. फक्त त्याची गाडी भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरल्यावरही "अजून एक बसतंय की!"

घोडे अडते ते परवान्यापाशी. पांढऱ्या नंबरप्लेटच्या, म्हणजे खासगी, गाडीने भाडे घेणे मोटार वाहन कायद्यात बसत नाही. अपघात झालाच तर विम्याचे लचांड वेगळेच. टॅक्सीचीही तीच गत. तिच्या परवान्यावर वाटेत वेगवेगळे प्रवासी चढवता-उतरवता येत नाहीत, म्हणून २०१७ मध्ये बंगळूरला ओला-उबरच्या शेअर सेवेवर परिवहन खात्याने हरकत घेतली होती. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत खासगी गाडीच्या पूलिंगला वाट ठेवली होती, पण शहरात दिवसाला ४ फेऱ्या आणि शहराबाहेर आठवड्याला २. आठवड्याला दोन! म्हणजे सोमवारी कामावर जाऊन घरी परतलो की आमचा कोटा संपला.

कर्नाटक सरकारने निदान खानापूर आणि सांबरा रस्त्यावर हा प्रयोग करून पाहावा. इंधनखर्चापुरते पैसे घेणाऱ्याला भाडेवाला समजू नये. वडापवाल्यांनाही त्याच ॲपवर घ्यावे, नाहीतर पहिल्याच आठवड्यात भांडणे लागतील. राज्याच्या 'शक्ती' योजनेमुळे महिलांना जून २०२३ पासून साधी सरकारी बस मोफत आहे, ते चांगलेच. पण रात्री शिफ्ट सुटल्यावर स्टॉपवर ताटकळणाऱ्यांना त्याचा काय उपयोग? आणि ॲपवर कन्नडबरोबर मराठीही हवी. 'तिसरे रेल्वे गेट' म्हटले की इथे चालकालाही कळते आणि प्रवाशालाही.

– एक वाचक, खानापूर