पुश-अप्सची संख्या आणि ताकद

संपादक महोदय,

व्यायामगुरू प्रा. माणिकराव आणि त्यांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा लाभलेल्या बडोद्यात आजही अनेक तरुण सलग १०० पुश-अप्स काढण्यालाच बळ समजतात, याची मला मनापासून खंत वाटते. कारण ३०-४० सहज निघू लागले की पुढे वाढतो तो मुख्यतः दम, ताकद फारशी नाही. ताकदीसाठी पाय बाकावर ठेवून किंवा पाठीवर वजन घेऊन व्यायाम इतका अवघड करावा की ५ ते ८ पुश-अप्समध्येच स्नायू थकावेत. अशी चार आवर्तने, मध्ये २-३ मिनिटे विश्रांती, आणि हे आठवड्यातून तीनच दिवस. आठ सहज जमू लागले की भार वाढवावा. नवशिक्यांनी (आणि माझ्यासारख्या साठीतल्यांनीही) हात ओट्यावर टेकवून सुरुवात करावी, मात्र कंबर खाली झुकू देऊ नये.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे