आजीचा डोळा मोजता, नातीचा का नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मार्चमध्ये माझ्या दोन्ही पापण्यांची शस्त्रक्रिया झाली. पापण्या इतक्या लोंबल्या होत्या की तुमचा अंक वाचताना हनुवटी वर करावी लागे. डॉक्टरांनी आधी पापण्या तशाच ठेवून, मग चिकटपट्टीने वर धरून, अशी दोनदा नजरेचा आवाका तपासला. जादा कातडी काढायची की पापणी उचलणारा स्नायू आवळायचा, हेही समजावलं. ६६ वर्षांच्या बाईसाठी एवढा वेळ!

माझ्या आठ वर्षांच्या नातीला मात्र चष्म्याच्या दुकानात पाच मिनिटं पुरली. गेल्या वर्षी मायनस सव्वा, यंदा मायनस सव्वादोन. ‘वाढत्या वयात नंबर वाढायचाच, काच बदलून देतो.’ काच बदलली. डोळ्याचं काय?

लहानपणीचा हा मायनस नंबर, म्हणजे लांबचं अंधुक दिसण्याचा दोष, बहुधा डोळा मागे लांबत गेल्याने वाढतो. एक मिलिमीटर लांबी म्हणजे साधारण अडीच नंबर, आणि लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. मायनस सहाच्या पुढे गेलं की डोळ्याच्या आतला पडदा सुटण्याचा धोका बराच वाढतो. मोठेपणी लेझरने चष्मा गेला तरी हा धोका तसाच राहतो. वाढीचा वेग मात्र कमी करता येतो. रात्री घालायचे ॲट्रोपिनचे सौम्य थेंब आहेत, बारीक भिंगांची वलयं असलेले चष्मे आहेत. दुकानात यातलं अवाक्षर निघालं नाही.

डोळ्याची लांबी मोजणं काही नवलाचं नाही. मोतीबिंदू काढण्याआधी आत कितीचं भिंग बसवायचं, ते ही लांबी मोजूनच ठरतं. नव्या यंत्रापुढे हनुवटी टेकवायची, दिव्याकडे बघायचं, झालं. म्हणजे मोतीबिंदू निघतात तिथे ही सोय आहेच. चष्मा लागलेल्या पोरांना दर सहा महिन्यांनी तिथे बसवा, एवढंच माझं म्हणणं.

आणि शाळा. मी ३७ वर्षं गणित शिकवलं आणि पोर्शन पुरा करायला पीटीचे किती तास मागून घेतले त्याची गणती नाही. आता वाचते, चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांत त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. तैवानने तर २०१० पासून रोज १२० मिनिटांचा आग्रह धरला. चष्मा लागण्याआधीच या मोकळ्या उजेडाचा उपयोग जास्त. आमची पोरं दीडला घरी येतात, शीतकडी जेवतात आणि ट्यूशनला बसतात. पावसाचे चार महिने कुठे न्यायची, असं कोणी विचारेल. शाळेच्या पडवीत न्या. ढगाळ दिवशीही मोकळ्यावरचा उजेड वर्गातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो.

नातीचा डोळा मोजून घ्यायला मी गुरुवारची वेळ मागितली. फोनवरच्या मुलीने विचारलं, ‘पेशंटचा मोतीबिंदू कुठल्या डोळ्यात आहे, बाय?’

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, म्हार्दोळ