रोहा ते वीरसुद्धा नाही

सॅन होजे, कॅलिफोर्निया
८ जून

ती. बाबा आणि आई यांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर "कंपनी बंद झाली" एवढंच बोलले नि लाइन गेली. पुन्हा मुद्दामच लावला नाही. आपल्याकडे रेंज फक्त पडवीत येते आणि पडवीतलं बोलणं संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. म्हणून हे कागदावर.

मला कोणी काढलेलं नाही आणि कोणी पैसेही खाल्लेले नाहीत. काकूंचे पहिले दोन प्रश्न हेच असणार, म्हणून आधी त्यांची उत्तरं. ३० मे शेवटचा दिवस होता. पगार, शिल्लक रजेचे पैसे, सगळं चुकतं झालं. शाकारणीला पाठवलेले पैसे त्याआधीचेच आहेत, ते खुशाल खर्च करा.

पण लाइन जायच्या आधी आईने जे विचारलं ते डोक्यातून जात नाही. "मगे तीन वर्सां तुमी सगळे करी होतास काय?"

आई, आम्ही लहान दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करत होतो. पेशंटची वेळ, त्याचे कागद आणि विम्याचं बिल, तिन्ही एका जागी. इथे डॉक्टरचे पैसे बहुतेक वेळा विमा कंपनी देते, आणि ते काढणं म्हणजे तलाठ्याकडून सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करून आणण्यासारखं. २०१५ पासून इथे आजारांचे जे कोड वापरतात तेच ७० हजारांच्या घरात आहेत. वर प्रत्येक विमा कंपनीचे नियम वेगळे. आमच्या मालकाला हे सगळं एकदम सोडवायचं होतं. माणूस हुशार, कष्टाळू, रात्री दोनलाही टेबलावर. त्याचं एकच म्हणणं, अर्धवट वस्तू दाखवली की नाव जातं.

ऑफिसखालीच एका दातांच्या डॉक्टरणीचा दवाखाना होता. दुसऱ्या वर्षी ती स्वतः वर आली. म्हणाली, मला बिलं नकोत, कागद नकोत. पेशंट वेळ घेतात आणि येत नाहीत, त्यांना आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज जाईल एवढंच द्या, आजपासून पैसे देते. ते आमच्याकडे तयार होतं! मी स्वतः लिहिलेलं, चालत होतं. मालक हसून म्हणाला, सहा महिने थांबा, पूर्णच देतो. तिने दोन महिने वाट बघितली आणि दुसऱ्या कोणाचं तरी घेतलं. रोज जिन्यात भेटायची. मला तिच्याकडे बघायला लाज वाटायची.

बाबा, तुम्ही कोकण रेल्वेच्या कामावर मस्टर लिहायचात तेव्हाचं तुम्हीच सांगता ना. १९९३ साली रोहा ते वीर गाडी धावायला लागली तेव्हा आपल्याकडे अजून सुरुंग वाजत होते. तिकडे दक्षिणेत मंगळूर-उडुपीही त्याच वर्षी सुरू झालं. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात माती ढासळत राहिली आणि सगळा मार्ग खुला व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडला. पण पेडणं अडलंय म्हणून रोह्याची गाडी कोणी यार्डात उभी करून ठेवली नाही. आमचं उलटं झालं. विम्याची बिलं हे आमचं पेडणं, आणि आम्ही चौदाच्या चौदाजण तिथेच खणत बसलो. (मुंबई-गोवा हायवेची आठवण करून देऊ नका. ती मलाही आहे.)

आता माझ्या वाट्याचं. सगळं मालकावर ढकललं तर तुम्हाला खरं वाटेल, पण ते खरं नव्हे. आम्ही एकदा अख्खं सॉफ्टवेअर मोडून नव्याने लिहिलं, आणि ते मी सुचवलं होतं. जुनं घाईत लिहिलेलं होतं, एका ठिकाणी हात लावला की दुसरीकडे गळायचं. मी म्हटलं, तीन महिन्यांत स्वच्छ करून देते. आठ लागले. आणि स्वच्छ झालं तेव्हा लक्षात आलं, की जुन्यात ज्या वेड्यावाकड्या ओळी होत्या त्यातल्या कितीतरी विमा कंपन्यांच्या वेड्यावाकड्या नियमांसाठीच होत्या. त्या पुन्हा घालाव्या लागल्या. धाकट्याला हे वाचून दाखवा, तो कॉलेजात हेच शिकतोय. त्याला नेटस्केपचं विचारा. १९९८ मध्ये त्यांनी ब्राउझर नव्याने लिहायला घेतला, पाचवी आवृत्ती बाजारात आलीच नाही, थेट सहावी आली ती नोव्हेंबर २००० मध्ये. तोवर गिऱ्हाईक मायक्रोसॉफ्टकडे गेलेलं. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी तीन महिने म्हटलं.

पैशांचा हिशेब सोपा आहे. गुंतवणूकदारांचे ९० लाख डॉलर, महिन्याचा खर्च अडीच लाख, म्हणजे ३६ महिने. पुढचे पैसे मागायला गेलो तेव्हा जो तो एकच विचारायचा, किती दवाखाने वापरतात? एकही नाही, हे उत्तर किती तऱ्हांनी देता येतं ते मी त्या दोन महिन्यांत ऐकलं. मेच्या सुरुवातीला मालकाने सगळ्यांना बोलावून बँकेतला आकडा फळ्यावर लिहिला. सगळ्यांचं नीट चुकतं करायचं तर आत्ताच थांबायला हवं, म्हणाला. तीन वर्षांत त्याने वेळेवर केलेली ही एकच गोष्ट.

आईने माझ्या शेअर्सचं मावशीला सांगितलंय, ते आता परत घ्यावं लागेल. कंपनी मोडली की आधी देणी, मग गुंतवणूकदार, मग आम्ही. आमच्यापर्यंत काही पोचलं नाही.

व्हिसाचंही स्पष्ट लिहिते. नोकरी गेल्यापासून ६० दिवस मिळतात, म्हणजे २९ जुलैपर्यंत. तुमच्याकडे मासेमारीची बंदी उठायला तेव्हा दोन दिवस उरलेले असतील. काकांची होडी झापांखाली आणि मी इथे, दोघंही सध्या किनाऱ्यावर. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या आहेत. एकाने विचारलं, तुम्ही केलेलं काही दाखवता येईल का? मी आठवणीचा मेसेज दाखवला, माझ्याच फोनवर पाठवून.

जमलं नाही तर येईन. तेव्हा कोणी विचारलं तर "सुट्टीवर आलीय" सांगू नका, आहे तेच सांगा.

आई, आगोटीतली कोकमं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलं असशील. मी कळवेपर्यंत पार्सल करू नकोस, ही खोली महिनाअखेर सोडतेय. सुकट तर अजिबात नको, मागच्या वेळी अख्खी बिल्डिंग विचारत होती.

तुमची,
बाय