९९९ रुपये कशाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागात पेपरात घालून एक पिवळं पत्रक घरोघर येतं आहे. अर्धं गुजरातीत, अर्धं मराठीत. ‘अँटीव्हायरसशिवाय नेटबँकिंग म्हणजे दार उघडं टाकून झोपणं! एका कॉम्प्युटरला वर्षाला फक्त ९९९. ज्येष्ठ नागरिकांना घरी येऊन बसवून देऊ.’ मी घरी बसून दुकानदारांचे हिशेब लिहिते, जीएसटीची रिटर्न्स भरते. दिवसभर समोर टॅली, नाहीतर पोर्टल, नाहीतर कुठल्यातरी बँकेची साइट. त्यामुळे आमच्या वाड्यातल्या पेन्शनर मंडळींनी पत्रक माझ्याच पुढ्यात आणून टाकलं : घ्यावं का?

माझं मत : घरात एक कॉम्प्युटर, त्यावर पेन्शन जमा झालं का बघायचं, लाइटचं नि गॅसचं बिल भरायचं, कॅनडातल्या मुलीशी बोलायचं, एवढंच काम असेल आणि विंडोज चालू आवृत्तीचं असेल, तर हे पैसे देऊ नका.

कारण ते दार मुळात उघडं नाही. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी हे ब्राउझर, म्हणजे साइट उघडायचे प्रोग्रॅम, गूगलच्या ‘सेफ ब्राउझिंग’ या धोकादायक साइटच्या यादीशी साइटचा पत्ता ताडून बघतात. एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये त्यांचंच ‘स्मार्टस्क्रीन’ तेच काम करतं. फसव्या साइटवर जाताना अख्खा पडदा लाल होतो तो यामुळे, आणि पुष्कळांना वाटतं की कॉम्प्युटर बिघडला! पूर्वी ही यादी आपल्या मशीनवर उतरायची आणि अर्ध्या ते एक तासाने ताजी व्हायची. गूगलच्याच म्हणण्याप्रमाणे अशा साइट सरासरी दहा मिनिटंही जगत नाहीत, म्हणजे यादी कायम मागेच. मार्च २०२४ मध्ये क्रोमने साध्या संरक्षणातही पत्ता त्याच क्षणी सर्व्हरला विचारण्याची सोय आणली. पत्ता जसाच्या तसा जात नाही. त्यापासून गणिताने काढलेल्या संकेताचा एक तुकडा तेवढा जातो. ‘एन्हान्स्ड’ नावाचं वरच्या दर्जाचं संरक्षण लावलंत तर मात्र गूगलकडे बरीच जास्त माहिती जाते. फुकट ते फुकटच असतं असं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

ब्राउझर फक्त ब्राउझरमधून येणारं अडवतो. पेन ड्राइव्हमधून आलेलं कोण बघणार? ते बघायला विंडोजमध्ये डिफेंडर आहे, २०१२ च्या विंडोज ८ पासून पूर्ण अँटीव्हायरस म्हणून, वेगळा पैसा न घेता. ‘फुकटचं ते काम करतं कशावरून?’ असं आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं. रेल्वेत हिशेब तपासण्यात हयात गेलेली, त्यामुळे पुरावा पाहिजे. आयकार या युरोपातल्या संस्थेच्या नावाने ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ प्रसिद्ध आहे. अँटीव्हायरस जागा आहे का एवढंच बघायला ती केलेली, आणि कंपन्या ती ठरवून पकडतात. ती मी काकांच्या देखत नोटपॅडमध्ये चिकटवली आणि डेस्कटॉपवर सेव्ह केली. उजव्या कोपऱ्यात डिफेंडरची पाटी आली, फाइल गायब. काका म्हणाले, “परत करा.” परत गायब.

आणि पत्रकात न छापलेली गोष्ट ही, की दुसरं अँटीव्हायरस बसवलं की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. ९९९ देऊन राखणदार दोन होत नाहीत. एक जाऊन दुसरा येतो.

हा दुसरा काय करतो तेही बघावं. सयाजीगंजातल्या एका गिऱ्हाइकाच्या मशीनवर मी त्यांच्या बँकेची साइट उघडली आणि पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर क्लिक करून सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं ओळखपत्र, बघितलं. ते कुणी दिलं, त्या रकान्यात चक्क अँटीव्हायरस कंपनीचं नाव! म्हणजे बँक आणि ब्राउझर यांच्यामधलं बंद पाकीट ही कंपनी मध्येच उघडते, वाचते, आणि आपल्या शिक्क्याने परत बंद करते. हेतू चांगला असेल, व्हायरस शोधायचा. पण अमेरिकेतली मिशिगन, इलिनॉय विद्यापीठं आणि गूगल, मोझिला, क्लाउडफ्लेअर या कंपन्या इथल्या संशोधकांनी २०१७ साली केलेल्या पाहणीत असं मध्ये पडणारी बरीचशी उत्पादनं जोडणी उलट कमकुवत करतात असंच दिसलं होतं. शिवाय २०२४ च्या फेब्रुवारीतलं अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीचं प्रकरण. लोकांनी पाळतीपासून वाचायला घेतलेल्या सॉफ्टवेअरमधूनच त्यांनी कुठल्या साइट पाहिल्या याची माहिती जमवून जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली, असा फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा आरोप होता. ते १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यावर मिटलं.

मी अँटीव्हायरसवाल्यांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. फ्लॉपीच्या जमान्यात हे लागायचंच, कारण विंडोजमध्ये स्वतःचं काही नव्हतं. आपल्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून क्विक हील ही अँटीव्हायरस कंपनी उभी केली ती त्याच काळात, आणि मराठी म्हणून मला त्याचा अभिमान आहे. आजही दहा-बारा कॉम्प्युटरचं ऑफिस असेल, कुणाच्या मशीनवर काय चाललंय ते एका जागेवरून बघायचं असेल, अडचणीला फोन उचलणारा माणूस पाहिजे असेल, तर जरूर पैसे द्यावेत. माझ्या दोन गिऱ्हाइकांना मीच घ्यायला लावलं आहे. आणि घरच्या मशीनमध्ये काही शिरलंय अशी शंका आली, तर सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची साधनं मोफत आहेत. पत्रकवाल्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. पेन्शनरांच्या घरी अजून विंडोज ७ चालतंय. मायक्रोसॉफ्टने त्याचे मोफत अपडेट जानेवारी २०२० मध्ये बंद केले, क्रोमने २०२३ मध्ये त्याचा हात सोडला. त्यावर ‘टोटल’ अँटीव्हायरस बसवून, पैसे घेऊन माणूस निघून जातो! विंडोजमधलं भोक तसंच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने (फायलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने) जगभरची मशीन्स बंद पाडली, त्यात बहुतेक विंडोज ७ चीच होती. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी घेतला त्यांना काही झालं नाही. आता विंडोज १० च्या अपडेटची साधी मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरी येणाऱ्याने पहिल्यांदा हे सांगायला नको का?

दुसरं, कोपऱ्यात येणाऱ्या धमक्या. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’, ‘तुमचं संरक्षण आज संपलं, रिन्यू करा’. वाडी भागातल्या एका मावशींकडे दर थोड्या वेळाने हे यायचं आणि त्या घाबरून कार्ड घेऊन बसल्या होत्या. बघितलं तर तो अँटीव्हायरस नव्हताच. लोणच्याची कृती शोधताना कुठल्याशा साइटने ‘नोटिफिकेशन पाठवू का’ विचारलं, मावशींनी ‘अलाउ’ दाबलं, आणि ती साइट ब्राउझरमार्फत जाहिराती सोडत होती. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग, मग नोटिफिकेशन : अनोळखी नावं काढून टाकली की संपलं.

फोनवर कुणी साहेब बनून ओटीपी काढून घेतो, त्यावर फुकटचं किंवा विकतचं कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही. तिथे लगेच १९३० या सरकारच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. एक सोय मात्र नवी आहे : रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँका आता ‘डॉट बँक डॉट इन’ (.bank.in) या शेपटीच्या पत्त्यावर आल्या आहेत आणि ही शेपटी बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. तेवढं वाचायची सवय लावून घ्यावी.

खर्चच करायचा असेल तर बाहेरची हार्ड डिस्क घ्या. फोटो, पेन्शनचे कागद, रिटर्न्स तिच्यावर उतरवा आणि काम झालं की केबल काढून ती कपाटात ठेवा. लावलेलीच राहिली, तर रॅन्समवेअर मशीनबरोबर तिलाही कुलूप घालतं. डिफेंडरमध्ये ठरावीक फोल्डरना हात लावू न देण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. चालू आपल्यालाच करावी लागते.

आपली,
घरबसली हिशेबनीस, दांडिया बाजार, बडोदे
(गिऱ्हाइकं ओळखतील, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)